दहापैकी नऊ

सातव्या क्रमांकाचं गाणं सुरू झालं तेव्हा श्यामकांतांनी पेन्सिलीला टोक काढायचं थांबवलं आणि वहीतल्या रकान्यात बारीकशी खूण केली. सहाव्याला खूण. पाचव्यालाही. चौथ्या क्रमांकावर रेडिओवरच्या मुलीने कुठल्याशा नव्या सिनेमातलं गाणं जाहीर केलं. ते त्यांच्या यादीत नव्हतं. तिथे त्यांनी फुली मारली. उरलेली तीन गाणी अपेक्षेप्रमाणे आली, कार्यक्रम संपला, आणि त्यांनी पानाच्या तळाशी तारीख घालून लिहिलं : दहापैकी नऊ.

“किती?” अनुश्रीने स्वयंपाकघरातून विचारलं.

“नऊ.”

“दर रविवारी नऊ. बाबा, तुम्ही उगाच सरकारी नोकरीत गेले. सट्टाबाजारात बसायचं होतं.”

कोणी कौतुक केलं की आपल्या हातून काहीतरी चुकलं असेल असं श्यामकांतांना वाटू लागे आणि ते मागची पानं तपासायला घेत. आताही त्यांनी ती घेतली.

पस्तीस वर्षं त्यांनी सांख्यिकी कार्यालयात पिकांचे अंदाज मांडले होते. मूळचे वर्ध्याकडचे, आधी भोपाळला नोकरी, मग नवं राज्य झालं तेव्हा रायपूरला बदली झाली आणि ते पुरानी बस्तीत राहिले ते राहिलेच. धानाचं पीक उभं असताना शेतातला ठरलेल्या मापाचा तुकडा निवडायचा, अंदाज लिहायचा, पाकीट बंद करून दुसऱ्या कार्यालयाच्या हवाली करायचं आणि मगच कापणीला हात लावायचा. आधी नोंदवला नाही तो अंदाजच नव्हे, हे त्यांनी हाताखालच्या कारकुनांना इतक्यांदा सांगितलं होतं की ते त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करत.

निवृत्तीच्या वर्षीच त्यांची बायको रमा गेली. त्याच हिवाळ्यात शहरात एक नवं एफएम स्टेशन सुरू झालं, आणि घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून श्यामकांतांनी रेडिओ आणला. रविवारी सकाळी ‘शहर के दस’ लागे. श्रोत्यांच्या पसंतीची दहा गाणी, दहापासून एकपर्यंत. पहिलं वर्षभर त्यांनी नुसती नोंद केली. मग जुन्या सवयीने अंदाज बांधू लागले. गाण्यांनाही हंगाम असतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. देवउठनी एकादशी झाली की वरातीत वाजणारी गाणी वर चढत. होळीच्या आधी तीन आठवडे ढोलकीची, परीक्षा संपल्या की उड्या मारायची. आणि पोळा झाला की संथ, विरहाची गाणी एकेक पायरी वर सरकत, ती पितृपक्ष संपेपर्यंत खाली येत नसत. याचं कारणही त्यांनी शोधून काढलं होतं. तीजेला, म्हणजे हरतालिकेला, इकडच्या बायका माहेरी जातात. काही दिवस शहरातल्या कितीतरी घरांत नवरे एकटे असतात, आपल्या हाताने भात टाकतात आणि रेडिओ लावून बसतात. त्या दिवसांत सगळ्या शहराचं मनच जरा उतरलेलं असतं, असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. ते लिहिताना त्यांना फार बरं वाटलं होतं. का, ते त्यांनी तपासलं नव्हतं.

अंदाज आधी नोंदवला पाहिजे म्हणून ते दर बुधवारी येत्या रविवारची दहा गाणी पोस्टकार्डावर हिंदीत लिहून, खाली ‘एक श्रोता’ एवढंच घालून, स्टेशनच्या पत्त्यावर टाकत. कार्ड तिथे कोणी वाचत असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. पोस्टाचा तारखेचा शिक्का बसला म्हणजे झालं. पहिल्या वर्षी दहातली चार बरोबर आली, दुसऱ्या वर्षी पाच. तिसऱ्या वर्षापासून नऊ येऊ लागली, आणि मग नऊच. क्रम एखाद्या घराने खाली सरके, पण नावं तीच. दहा आली असती तर त्यांनी वह्या रद्दीत घातल्या असत्या. स्वतःवर एवढा भरवसा त्यांना झेपला नसता. नऊ हा आकडा त्यांना प्रामाणिक वाटे.

दोन वर्षांपूर्वी अनुश्रीला त्याच स्टेशनात कार्यक्रम विभागात नोकरी लागली. वह्या तिला माहीत होत्या, पण कार्डांचं घरात कधी निघालं नाही. पोरीच्या ऑफिसात बाप चिठ्ठ्या पाठवतो, हे कसं दिसलं असतं.

चहाचे दोन कप घेऊन ती आली आणि त्यांच्यासमोर बसली. रविवारी ती अशी बसत नसे. कपडे भिजवायची घाई असे.

“बाबा, एक काम होतं.”

“बोल.”

“येत्या शुक्रवारी मुंबईचे लोक येऊन राहिले. ‘शहर के दस’ बंद करायचं म्हणतात. सब शहरों की एकच लिस्ट, मुंबईहून. मग इथे आमचं काय काम? मले, हरिदास भैयाले, दोघा-तिघांले घरी बसवतील.”

“मग?”

“मग काय. पुणे नाही तर मुंबई. रायपुरात दुसरं काय आहे माझ्यासाठी?”

श्यामकांतांनी चहात चमचा फिरवला. त्यांच्या चहात साखर नसे.

“त्यांना दाखवता आलं पाहिजे,” अनुश्री म्हणाली, “की रायपूर वेगळं ऐकते. इथला आपला एक हिसाब आहे, तो मुंबईत बसून समजत नाही. तुमच्या वह्यांत ते आहे ना? कोणत्या महिन्यात काय चढते ते?”

“आहे. पण माझं चुकलं असलं तर?”

“इतके वर्ष नऊ-नऊ येऊन राहिले, आता काहून चुकेल?”

नोकरीत श्यामकांतांनी शेकडो तक्ते केले. ते तक्ते वर जात, आणि वर गेल्यावर त्यांचं काय होई ते कळत नसे. आपण होऊन कोणी तक्ता मागितला, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. आणि तो मागणारी त्यांची पोरगी होती, जी इथे राहावी एवढीच त्यांची आता इच्छा उरली होती.

तीन दिवस ते आलेखाच्या कागदावर वाकून बसले. खिडकीतून येणारी सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ कागदावर बसे, ती फुंकून पुन्हा पट्टी लावत. आडव्या रेषेवर बारा महिने, उभ्या रेषेवर गाण्यांचे प्रकार, प्रत्येक वर्षाची एक रेघ. मंगळवारी रात्री जेवणाआधी सगळ्या रेघा काढून झाल्या तेव्हा त्यांनी कागद हातभर लांब धरून पाहिला. पहिली तीन वर्षं सोडली तर पुढच्या आठही रेघा जवळजवळ एकीवर एक बसल्या होत्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण धानाचं पीकसुद्धा इतकं शहाण्यासारखं वागत नाही, असं मनात आलं आणि त्यांची भूक गेली.

“मले मूळची मतं पाहू दे,” ते अनुश्रीला म्हणाले. “श्रोत्यांची. फक्त ताळा घ्यायला.”

“हरिदास भैयाकडे असतील. चार्ट तेच बनवतात. उद्या या दुपारी, मी सांगून ठेवते.”

बुधवारी ते गेले. शर्टाच्या खिशात त्या आठवड्याचं कार्ड होतं. परतताना बस्तीच्या पोस्टात टाकायचं ठरवलं होतं. स्टेशन तेलीबांध्याजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. हरिदास पन्नाशीचा, तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातला माणूस. त्याने खुर्ची पुसून दिली.

“या जी काका, बसा. अनुदीदीचे बाबा म्हणजे आमचेही बाबा. कोणत्या सालची मतं पाहिजे?”

“सगळ्याच.”

हरिदासने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो उठला, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसला.

“तुम्ही घरचे माणूस, म्हणून सांगतो. अनुदीदीले नका सांगू. मतं नाहीत जी.”

“नाहीत म्हणजे?”

“पहिले तीन वर्ष एसएमएस येत होते. शंभर, सव्वाशे. मग लोकांनी सोडलं. एका हप्त्यात सात आले, काका. सातातले चार माझ्या साळ्याचे. आता मी यादी कुठून आणू? मुंबईले तर दर शुक्रवारी पाठवावी लागते.”

“मग?”

हरिदासने खालचा खण ओढला. आत बिस्किटांचा मोठा डबा होता. डब्यात वर्षावर्षाचे गठ्ठे करून, रबर लावून पोस्टकार्डं ठेवली होती.

“एक माणूस आहे. दर हप्त्याले कार्ड टाकते. दहा गाणे, नंबर लावून. नाव नाही, गाव नाही. पहिले मी दुर्लक्ष केलं. मग मतं बंद पडली तेव्हा एक दिवस वाटलं, चला, याचीच लावून पाहू. तेव्हापासून त्याचीच यादी उतरवतो. मधात कुठेतरी एक गाणं गाण्यांच्या कंपनीवाल्यांचं टाकतो, शेवटचं काढतो, की झालं. आठ वर्षं झाले. एक शिकायत नाही आली. उलट लोक फोन करतात, हरिदास भैया, मन की बात बजा दी.”

श्यामकांतांनी एक गठ्ठा हातात घेतला. अक्षर त्यांचंच होतं. एका वर्षी त्यांचं पेन गळत असे; त्या वर्षीच्या कार्डांवर उजव्या कोपऱ्यात निळे डाग होते.

“पुरानी बस्तीचा आहे,” हरिदास म्हणाला. “हा शिक्का पाहा. तुम्ही तिकडचेच ना? ओळखीचा असेल तर सांगा. एकदा भेटून पाया पडीन म्हणतो.”

“पुरानी बस्ती मोठी आहे,” श्यामकांत म्हणाले.

“पाहिलं नाही कधी, पण मले हा माणूस समजते. हे पाहा, भादोचे कार्ड. हे मागच्या वर्षीचे, हे त्याच्या आधीचे. पोळा झाला की याचा हात जड होते. सगळे उदास गाणे. नवरात्र आली की मग थोडा थोडा सावरते. भादोत याचं कोणीतरी गेलं आहे, काका. बायको असेल.”

रमा गेली तेव्हा तीज होऊन चार दिवस झाले होते. हे श्यामकांतांनी आजवर कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी कार्डांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या.

“तीजेमुळे असेल,” ते म्हणाले. “बायका माहेरी जातात. घरोघरी माणूस एकटा असतो. त्या दिवसांत सगळं शहरच जरा...”

“शहर?” हरिदास हसला. “काका, तीजेले बायको माहेरी गेली की आम्ही चौघे भाऊ अंगणात चटई टाकून पत्ते कुटतो. वर्षातले तेच तर दिवस मजेचे.”

श्यामकांतही हसले. हसल्यावर ते हसू कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

“या हप्त्याचं अजून आलं नाही,” हरिदास डबा बंद करत म्हणाला. “उद्या-परवा येईलच. नाही आलं तर शुक्रवारी साहेबलोकांसमोर माझी फजिती आहे. बरा असो बाप्पा तो.”

जिना उतरताना त्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला. खाली रस्त्यावर पोस्टाची पेटी होती, तिच्यात त्यांनी कार्ड टाकलं नाही. शिक्का वेगळा पडला असता. कार्ड फाडून टाकावं असं ऑटोत बसेपर्यंत त्यांनी ठरवलं होतं. पण फाडलं तर शुक्रवारी हरिदासच्या हातात काही नसणार, त्याला जाब विचारला जाणार, आणि मग अनुश्रीच्या तक्त्यालाही. टाकलं तर जे आठ वर्षं चाललं तेच आणखी एक आठवडा, या वेळी जाणूनबुजून. बस्तीच्या पोस्टासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मागून एक बाई म्हणाली, “दादाजी, डालना है तो डालो, नहीं तो हटो.” त्यांनी कार्ड टाकलं.

संध्याकाळी अनुश्रीने लॅपटॉप त्यांच्यासमोर फिरवला. त्यांच्या रेघांना तिने वेगवेगळे रंग दिले होते. पडद्यावर त्या जास्तच एकसारख्या दिसत होत्या.

“पाहा ना बाबा. किती सुंदर दिसते.”

“अनु, ती मतं...”

“मिळाली? जुळली का?”

“जुळली,” ते म्हणाले. खोटं बोललो असंही त्यांना म्हणता येईना.

गुरुवारी सकाळी ती शुक्रवारच्या कुर्त्याला इस्त्री करत होती. ते दारात येऊन उभे राहिले, आत गेले, पुन्हा आले.

“मले एक शंका आहे.”

“तुम्हाले कोणत्या गोष्टीची शंका नाही, बाबा?” ती इस्त्रीवरून नजर न काढता म्हणाली. “आई म्हणायची, घराला कुलूप लावून तुम्ही चौकापर्यंत जाता आणि परत येऊन कुलूप ओढून पाहता. आणि ते लागलेलंच असते.”

“पण एखाद्या वेळी...”

“एखाद्या वेळीही नाही. आयुष्यात एकदा तरी तुम्ही बरोबर आहात असं धरून चला. माझ्यासाठी.”

कुर्ता उलटा करून तिने बाह्यांवर इस्त्री फिरवली. श्यामकांत तिच्या हाताकडे पाहत राहिले. सांगितलं, तर ती उद्या रिकाम्या हाताने जाईल, हरिदास उघडा पडेल आणि महिन्याभरात ही मुंबईची गाडी धरेल. न सांगितलं तर तक्ता चालेल, ती इथे राहील, आणि रोज संध्याकाळी ते तिच्यासमोर बसून ही गोष्ट मनात धरून जेवतील. त्यांनी दोन्ही बाजू नीट मांडून पाहिल्या. नोकरीत अशा वेळी ते टिपण लिहून वर पाठवत. इथे वर कोणी नव्हतं.

शुक्रवारी ती अंधार पडायच्या आधीच आली. दारातच बसून तिने चपला काढल्या, पण उठली नाही.

“बाबा, त्यांना तक्ता फार आवडला.”

“अस्सं.”

“सौमित्र सर म्हणून आहेत, त्यांनी तीनदा पाहिला. म्हणाले, इतना साफ डेटा किसी शहर का नहीं है हमारे पास.”

“मग कार्यक्रम राहते?”

“राहते.” ती चपलेचा पट्टा उगाच लावत-काढत होती. “पण बनेल मुंबईत. ते म्हणाले, शहर इतक्या नियमाने चालत असेल तर तिथे माणूस बसवायचं कामच काय? तुमचा तक्ता मशीनमध्ये भरतील. कोणत्या महिन्यात रायपुरात कोणते गाणे वर राहतील, ते आता दरवर्षी त्याच्यावरूनच ठरेल.”

श्यामकांतांनी मागे हात नेऊन खुर्ची चाचपली आणि बसले.

“हरिदास?”

“मार्चपर्यंत ठेवतील. मग पाहू म्हणाले.”

“आणि तू?”

तिचा आवाज जपून पावलं टाकावीत तसा येत होता.

“मले मुंबईले बोलावलं. सगळ्या शहरांचे असे तक्ते करायचे. बत्तीस शहरं. त्यांना वाटलं हे मीच केलं. मी सांगितलं बाबांनी केलं म्हणून, तर ते हसले, म्हणाले, मग तर घराण्यातच आहे.” तिने वर पाहिलं. “एक तारखेपासून. पण तुम्ही नको म्हणाल तर नाही जाणार. खरंच. सर को मना कर दूँगी.”

एक वाक्य पुरे होतं. ती मतं नव्हतीच, माझी पोस्टकार्डं होती. एवढं म्हटलं असतं तर तक्ता खोटा पडला असता, मुंबई रद्द झाली असती, आणि ती याच घरात राहिली असती. नोकरीशिवाय, पण राहिली असती. वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. जायचं नाही असं सांगणाऱ्या त्या चेहऱ्यावर जायचा आनंद तिला लपवता येत नव्हता, आणि तो आपण लपवतो आहोत असं तिला वाटत होतं.

“सुटकेस माळ्यावर आहे,” श्यामकांत म्हणाले. “पण तिचं एक चाक तुटलं आहे. नवी घ्यावी लागेल.”

अनुश्रीने ओढणीने नाक पुसलं. मग ती उठली, तोंड धुऊन आली, आणि एक कोरी वही घेऊन त्यांच्यासमोर बसली.

“आता खरं सांगू का? मले यातलं काहीच येत नाही. तुम्ही केलं, मी नुसते रंग भरले. बत्तीस शहरं कशी करणार मी? जायच्या आधी सगळं शिकवा. एकदम पहिल्यापासून.”

“आता?”

“आता. सांगा, पहिल्यांदा काय करायचं?”

श्यामकांतांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा लावला. खालच्या गल्लीत कोणी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं; ती सुरू होऊन निघून गेली.

“पहिल्यांदा,” ते म्हणाले, “आपल्या स्वतःच्या मनात काय चाललं आहे, ते नीट पाहून घ्यायचं. आणि ते बाजूला ठेवायचं.”

“हे पण लिहू?”

“लिही,” श्यामकांत म्हणाले.